‘हवं होतं’ची वही : अपेक्षा सोडायच्या म्हणजे नेमकं करायचं काय

“सोडून दे गं, मनाला लावून घेऊ नको.” हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं. बहिणीकडून, शेजारच्या काकूंकडून, ह्यांच्याकडून, आणि एकदा तर सकाळी पोहे बांधून घेताना पोहेवाला दुसऱ्याच कुणाला सांगत होता “जाने दो भिया”, तर मला वाटलं हा पण मलाच सांगतोय. सगळे सोड म्हणतात. पण सोडायचं म्हणजे करायचं काय हे कुणी सांगत नाही. हातातली पिशवी असती तर ठेवली असती खाली.

मला जे जमलं ते लिहितेय. मी काही डॉक्टर नाही, इंदूरला एका शाळेत बावीस वर्षं मराठी-हिंदी शिकवलं आणि घरी सासूबाईंचं केलं, एवढंच माझं क्वालिफिकेशन. आणि आधीच सांगते, दुःख जात नाही ह्याने. दुःखावर जो दुसरा थर चढलेला असतो ना, तो उतरतो. तेवढ्याने पण बरंच हलकं वाटतं, मला तरी वाटलं.

आधी माझी भानगड सांगते म्हणजे पुढचं कळेल. आईंना, म्हणजे सासूबाईंना, विस्मरणाचा आजार झाला, सात वर्षं चालला. शेवटची दोन वर्षं तर सगळं अंथरुणातच. नणंद, म्हणजे वन्सं, ग्वाल्हेरला, दीर बडोद्याला, आम्ही इथे, म्हणजे करणारी मीच. त्याचं काही नाही, करायचंच होतं. पण तेराव्याला सगळं आवरल्यावर वन्सं ओट्यापाशी आल्या, मी पंचपात्रं पुसत होते, मला वाटलं आता काहीतरी म्हणतील, ‘तू होतीस म्हणून’ वगैरे, आणि त्या म्हणाल्या, “आईच्या पाटल्या कुठल्या डब्यात असायच्या गं?”

पाटल्या मी दिल्या लगेच, त्यांच्या आईच्याच होत्या, मला नको होत्या. पण ते वाक्य दोन वर्षं माझ्या घशात अडकलं होतं. म्हंजे जे म्हटलं ते नाही, जे म्हटलं नाही ते.

तर पहिलं काम म्हणजे एक वही घ्या. मोबाईलमध्ये नको, वही. मध्ये रेघ मारा, डावीकडे ‘झालं’ आणि उजवीकडे ‘हवं होतं’. डावीकडे फक्त तेवढंच लिहायचं जे कॅमेऱ्यात दिसलं असतं. ‘वन्सं माझ्याशी तुसडेपणाने वागल्या’ हे डावीकडे चालणार नाही, ‘वन्संनी पाटल्यांबद्दल विचारलं’ हे चालेल. आणि उजवीकडे पूर्ण वाक्य, माणसाच्या नावासकट, काय, कधी, कुठल्या शब्दांत. ‘मला समजून घ्यायला हवं होतं’ असलं गुळमुळीत नको. मी लिहिलं, ‘वन्संनी तेराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं की आईचं सगळं हिने केलं, आमच्याने झालं नसतं.’ हे लिहून झाल्यावर मला चक्क लाज वाटली, म्हटलं एवढ्याशा वाक्यासाठी मी दोन वर्षं जळतेय? पण लाज वाटली तरी खोडायचं नाही. खोडलं की ते परत पोटात जातं.

किती लिहायचं? अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक अभ्यास १९८६ मध्ये छापून आला होता, त्यात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासाच्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं होतं. लिहिल्या लिहिल्या मुलांना उलट जास्तच वाईट वाटलं, पण नंतरच्या काही महिन्यांत त्यांच्या हेल्थ सेंटरच्या चकरा कमी झाल्या. म्हणून मी पण चार दिवस, पंधरा मिनिटं, असंच धरलं, गॅसवर कुकर लावायचा आणि बसायचं. आणि पहिल्या दिवशी लिहून झाल्यावर रडू आलं, डोकं दुखलं, तर घाबरून बंद करू नका, तसंच असतं ते. फक्त अगदीच सहन होत नसेल, हातपाय कापायला लागले तर मात्र थांबा, हे काही परीक्षेचं नाही.

आता हे ‘हवं होतं’ इतकं दुखतं का, ते मला एका प्रयोगाबद्दल वाचल्यावर कळलं, आणि हे कळल्यावर अर्धं काम झालं असं म्हटलं तरी चालेल. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी माकडांवर प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळाने माकडाच्या तोंडात रसाचा थेंब पडायचा. सुरुवातीला रस मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. पुढे सवय झाली तशा त्या नुसता दिवा लागला तरी उसळायला लागल्या, रस आल्यावर काहीच नाही. आणि मग दिवा लावून रस दिलाच नाही तर? ज्या क्षणाला रस पडायला हवा होता बरोब्बर त्याच क्षणाला त्या पेशी नेहमीपेक्षा पण खाली जाऊन गप्प झाल्या. विचार करा, माकडाकडून कुणी काही काढून घेतलं नव्हतं. तोंड आधी पण रिकामं होतं, नंतर पण रिकामंच होतं. तोटा झाला तो फक्त ठरलेल्या वेळेला.

मी म्हटलं हे तर माझंच. वन्सं ओट्यापाशी आल्या तो माझा दिवा होता.

म्हणून दुसरं काम, तुमचा दिवा ओळखा. एका मैत्रिणीचा रविवारी संध्याकाळी सात वाजता असतो, मुलाचा फोन यायची वेळ. तिचा आठवडा मस्त जातो, साडेसातला सगळ्यावर चिडचिड. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाचा पगार वाढायचा महिना, कुणाचा एमपीपीएससीचा, म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेचा रिझल्ट. दिवा लागायचा थांबत नाही, तो आपल्या हातात नाही, पण त्या वेळेला आपण कुठे बसलेलो असावं हे हातात आहे. मैत्रीण आता रविवारी सातला फोन घरी ठेवून चालायला जाते. मुलगा फोन करतो कधी साडेआठला, कधी मंगळवारी, कधी नाहीच. पण तिची रविवारची चिडचिड कमी झालीये, तिचे मिस्टर स्वतः सांगतात.

तिसरं काम वेगळं करायचं. ओला सुका कचरा वेगळा करायची सवय आपल्या इंदूरवाल्यांना आहेच, स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षं देशात पहिला नंबर उगीच नाही, तर तसंच उजव्या कॉलमचं करायचं. तीन ढीग. हक्क, विनंती, आणि उरली ती अपेक्षा.

हक्क कधी सोडायचा नाही, आणि इथेच ‘अपेक्षा सोडा’ सांगणारे बरेच लोक घोळ घालतात, समोरच्याला गप्प बसवायला हे वाक्य फार सोयीचं पडतं. आमच्या इंदूरची हुकुमचंद मिल बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, साधारण ४,८०० कामगारांचे पैसे अडकले, आणि ते २२४ कोटी मिळाले कधी, तर २०२३ च्या डिसेंबरात. तीस वर्षांहून जास्त. कितीतरी कामगार तोवर गेले होते, त्यांच्या बायकापोरांच्या हातात आले पैसे. त्या लोकांना कुणी अपेक्षा सोडा म्हणून सांगितलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं तर? ते लढले, मीटिंगा घेतल्या, कोर्टात गेले, आणि त्याच वेळेला मुलांची लग्नं केली, दुसरी कामं धरली, भाजीची गाडी लावली. हा फरक. हक्कासाठी अर्ज करायचा, तारखेला जायचं, पण बाकीचं आयुष्य त्या तारखेला टांगून नाही ठेवायचं. नवरा मारतो, सासरचे छळतात, कुणी पगार बुडवतो, ह्यात स्वीकार वगैरे काही नाही, ह्यात मदत घ्यायची, तक्रार करायची.

विनंती म्हणजे जे तोंडाने मागितलं तर मिळू शकतं पण आपण मागितलेलंच नसतं. ह्यात मी सगळ्यात जास्त मार खाल्ला. आईंसाठी दिवसा एक बाई ठेवली होती, महिना नऊ हजार. सहा वर्षं मी वाट बघितली की दिराला स्वतःहून कळेल, हा पण मुलगाच आहे ना. दर दिवाळीला तो यायचा, पेढे आणायचा, आईंच्या पाया पडायचा, आणि मी आतल्या खोलीत भांडी आदळायचे. सातव्या वर्षी एकदाचं बोलले, “भाऊजी, नऊतले तीन तुम्ही द्याल का?” तर म्हणतो, “वहिनी, आधी का नाही सांगितलंत?” आणि पुढच्या महिन्यापासून एक तारखेला पैसे. मला आनंद व्हायच्या ऐवजी इतका राग आला स्वतःचाच की सांगता सोय नाही. समोरच्याला माहीतच नसलेली अपेक्षा म्हणजे न सांगता घेतलेली परीक्षा आहे, मी मास्तरीण असून सहा वर्षं पोर्शन न सांगता पेपर घेत होते.

तर विनंतीच्या ढिगातलं जे असेल ते एकदा, सरळ, आकड्यासकट नाहीतर तारखेसकट मागायचं. टोमणा मारून नाही, तिसऱ्याच्या मार्फत नाही, व्हॉट्सअपवर सुविचार टाकून तर मुळीच नाही. नाही म्हणाले तर नाही. दुसऱ्यांदा वाटलं तर मागा, पण तिसऱ्यांदा मागायला गेलात तर ती विनंती राहत नाही, ते परत वाट बघणंच असतं.

ह्या दोन ढिगांत टाकून जे उरतं ना, ते खरं सोडायचं. आणि ते फार थोडं उरतं, बघा तुम्ही. माझं एकच वाक्य उरलं, वन्संचं. ते हक्क नव्हता, ‘माझं कौतुक कर’ असं कुणाला सांगता येत नाही, आणि मागून मिळालं तर त्याला चव नाही.

मग चौथं काम, जे मला कुणी सांगितलं नव्हतं, लिहिता लिहिताच सापडलं. हे देणं खरं कुणाचं आहे ते बघायचं. बऱ्याचदा बिल भलत्याच्या नावावर फाडलेलं असतं.

आई शेवटी शेवटी मला ओळखत नव्हत्या, सिस्टर म्हणायच्या. मी त्यांना पुसत होते एकदा, पावडर लावत होते मानेला, तर हळूच माझा हात धरून मला म्हणाल्या, “सुनेला सांगू नका हं सिस्टर, पण तुम्ही तिच्यापेक्षा छान करता.” मी हसले तेव्हा. ह्यांना पण हसत हसत सांगितलं, दोन-चार जणांना किस्सा म्हणून सांगितला. आणि चौथ्या दिवशी वहीत उजव्या कॉलममध्ये वन्संचं नाव लिहिता लिहिता माझा हात थांबला. ते वाक्य मला वन्संकडून नकोच होतं. मला ते आईंकडून हवं होतं, आणि आईंनी ते दिलं होतं, फक्त माझ्या नावाने नाही, दुसऱ्याच कुठल्या बाईच्या नावाने दिलं होतं. आणि आई तर गेल्या. आता कुणाकडे मागणार?

त्या दिवशी मी खूप रडले. पण वन्संचा राग त्या दिवसापासून कमी व्हायला लागला, कारण की त्यांच्याकडे ती वस्तू नव्हतीच.

म्हणून हे नक्की करा. प्रत्येक ‘हवं होतं’च्या पुढे विचारायचं, ह्या माणसाकडे हे आहे का द्यायला? बॉसकडून जे हवंय ते वडिलांकडून हवं होतं का? सुनेवर जो राग आहे तो मुलावरचा आहे का? उत्तर लगेच येत नाही, दोन-तीन वेळा परत लिहावं लागतं. आणि ज्याच्याकडे ते नाहीच त्याच्याकडून हट्ट आपोआप सुटतो हो, जोर लावावा लागत नाही.

इथे एक आठवलं, जरा बाजूचं आहे. आईंच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. ह्यांनी हात जोडून सांगितलं ताईचं आम्ही बघू, दिराने सांगितलं घर विकणार नाही, वन्संनी काय काय कबूल केलं, आम्ही सगळे मागे उभे राहून आठवतोय आईंचं काय राहिलं असेल, काय हवं असेल. नाहीच आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मी तेव्हा घामाने भिजलेली, डोक्यावर पदर, आणि माझ्या मनात काय आलं तर, गेलेल्या माणसाला काय हवंय हे आपण सगळे मिळून तासभर हात जोडून विचारतो, आणि घरात चालत्या-बोलत्या माणसाला पाच मिनिटं विचारत नाही. असो. पण तो दर्भाचा कावळा मला पटला. खरा आला नाही तर किती वेळ बसणार, आपल्या हाताने करायचा आणि घरी जायचं.

पाचवं काम हेच आहे, दर्भाचा कावळा. जे वाक्य कुणी म्हणणार नाहीये ते आपणच मोठ्याने म्हणायचं. वेडेपणा वाटेल, मला पण वाटला. ह्यांना बँकेत पाठवलं, दार लावलं आणि ओट्यापाशी उभं राहून वहीतलं वाक्य वाचलं, पण नाव बदलून, “आईचं सगळं मी केलं. चांगलं केलं.” पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. तीनदा म्हटलं. मग चहा केला. ह्याने काही आकाशवाणी झाली नाही पण त्या रात्री झोप लागली. कुणाला लिहून पान नदीत सोडावंसं वाटेल, प्लीज नदीत नको, तुळशीपाशी पाणी घाला नाहीतर पान फाडून टाका. तिलांजली म्हणतात ना आपल्यात, ती काही नुसती म्हण नाही, हाताने पाणी सोडायचं असतं, मनातल्या मनात सोडलेलं परत येतं.

आता एक नकली सोडणं असतं त्याच्यापासून सांभाळा. “मला बाई कुणाकडून काही नको” असं जी बाई जेवणाच्या टेबलावर मोठ्याने म्हणते तिला सगळ्यांत जास्त हवं असतं. अबोला धरणं, ताट वाढून निघून जाणं, ‘मी तर अपेक्षाच ठेवत नाही’ असं दर दोन दिवसांनी जाहीर करणं, हे सोडणं नाही, ही वसुली आहे. खरं सुटलं की त्याबद्दल बोलायलाच विसरतो माणूस.

आणि स्वीकार केला म्हणजे रडायचं नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला राजवाड्यासमोर अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी नेऊन उभं करा. आपण त्यांना देवी करून टाकलं म्हणून वाटतं की त्यांना काही लागतच नसेल. १७५४ मध्ये कुंभेरला नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले ज्यांनी त्यांना सती जाऊ दिलं नव्हतं, पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा. मग १७९१ मध्ये जावई गेला आणि मुक्ताबाई, त्यांची लेक, सती जायला निघाली. त्यांनी विनवण्या केल्या, नाही ऐकलं. माल्कम म्हणून जो ब्रिटिश अधिकारी नंतर ह्या भागात होता त्याने लिहून ठेवलंय की लेकीची चिता पेटली तेव्हा त्यांचं भान सुटलं होतं, स्वतःचे हात चावत होत्या, आणि नंतर तीन दिवस महेश्वरच्या वाड्यात जवळजवळ अन्न नाही, शब्द नाही. त्याच्यानंतर त्या परत कारभाराला बसल्या, १७९५ ला जाईपर्यंत. मला ते तीन दिवस फार महत्त्वाचे वाटतात. तेवढे दिवस पण न रडता जी बाई ‘मी ठीक आहे’ म्हणते तिचं मला टेन्शन येतं.

पण तीन दिवसांचे तीन महिने होत असतील, दोन आठवड्यांच्या वर रोज बहुतेक वेळ उदास वाटतंय, झोप-जेवण बिघडलंय, कशातच मन लागत नाहीये, नाहीतर जगायचं कशाला असं वाटतंय, तर वही-बिही ठेवा बाजूला आणि डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते. माझ्या ओळखीतल्या एकीला मीच लावून दिला होता फोन, तिला वाटत होतं आपण अपेक्षा सोडायला कमी पडतोय, आणि तिला खरं तर औषधाची गरज होती.

शेवटचं, हे परत येतं. मी सगळं करून झाल्यावर सहा महिन्यांनी एका लग्नात वन्संच्या हातात त्या पाटल्या बघितल्या आणि पोटात परत तसंच झालं, तेवढंच. घरी आल्यावर वही काढली, डावीकडे लिहिलं ‘वन्संनी पाटल्या घातल्या होत्या’, उजवीकडे काय लिहू तेच सुचेना, पेन घेऊन बसून राहिले. मग लिहिलं, ‘त्यांना आईची आठवण येत असेल’, आणि हे काय ‘हवं होतं’ मध्ये येत नाही म्हणून खोडलं. तिसरा कॉलम केला नाही, उगाच पसारा.

भाऊबीजेला त्या येणार आहेत ह्या वर्षी, फोन आला होता. आईंच्या हातचे अनारसे त्यांना आवडायचे, आईंचं प्रमाण मला माहितीये, त्यांना नाही. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलायचं, म्हणजे धनत्रयोदशीच्या आधीच ठरवायला लागेल.